आधी वाट, मग कुदळ
(वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आज ज्या वाटेबद्दल मी बोलणार आहे ती अमेरिकेच्या राजधानीला लागून आहे. कॅपिटल क्रेसेंट ट्रेल हे तिचं नाव. वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउनला, पोटोमॅक नदीच्या काठाशी ती सुरू होते, मेरीलँड राज्यातल्या बेथेस्डाला येते आणि तिथून पूर्वेला सिल्व्हर स्प्रिंगकडे वळते. लांबी अकरा मैलांच्या आसपास, म्हणजे सतरा-अठरा किलोमीटर. मोटारींना तिथे मज्जाव. चालणारे, पळणारे, सायकलवाले, बाबागाडी ढकलणारे आईबाप, चाकाच्या खुर्चीतली माणसं, सगळे एकाच पट्ट्यावरून जातात.

पुण्यात बसून मेरीलँडच्या वाटेची चर्चा कशाला, असं कुणी विचारील. आपल्याकडे काम निघालं की चालणाऱ्याची वाट नाहीशी होते, आणि हे आपण इतकं गृहीत धरलं आहे की त्यावर कुणी तोंडच उघडत नाही. तिकडे पैसा आहे, नियम आहेत, जागरूक नागरिक आहेत, वेळ पडली तर कोर्टात जाणारे आहेत. तरीही या वाटेचा एक महत्त्वाचा पट्टा वर्षानुवर्षं बंद राहिला. तो का बंद राहिला आणि त्याच वाटेच्या दुसऱ्या टोकाला नियम वेगळा कसा, हे नीट पाहिलं की आपल्या निविदांमध्ये खोट नेमकी कुठे आहे ते कळतं. मी स्थापत्य अभियंता. उभं आयुष्य खोदाईच्या शेजारी गेलं. त्यामुळे हा विषय मला थेट मोजमापाच्या वहीपर्यंत न्यायचा आहे.

ही वाट मुळात रेल्वेची. बाल्टिमोर अँड ओहायो कंपनीचा हा मालवाहतुकीचा फाटा १९१० मध्ये पुरा झाला. कोळसा आणि बांधकामाचं सामान त्यावरून जॉर्जटाउनला जाई. १९८५ मध्ये शेवटची गाडी धावली. अमेरिकेत १९८३ पासून एक फार शहाणी तरतूद आहे: बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची जमीन तुकड्यातुकड्यांनी विकून टाकायची नाही, पट्टा अखंड राखायचा, तूर्त त्यावर पायवाट करायची आणि पुढे गरज पडली तर तिथे पुन्हा रूळ टाकायचे. त्या तरतुदीखाली माँटगोमेरी काउंटीने १९८८ मध्ये मेरीलँडमधला भाग विकत घेतला. जॉर्जटाउन ते बेथेस्डा हा डांबरी भाग १९९६ पर्यंत तयार झाला आणि बेथेस्डाच्या पूर्वेला बारीक खडी अंथरलेली वाट १९९७ मध्ये खुली झाली. रॉक क्रीक ओढ्यावरचा जुना, उंच रेल्वेपूल दुरुस्त करून २००३ मध्ये लोकांना मिळाला. बेथेस्डाच्या पूर्वेचा हा भाग कागदोपत्री पहिल्यापासून ‘तात्पुरता’ होता. एक दिवस इथे गाडी येणार, हे सरकारी दप्तरात लिहिलेलं होतं.

पण वीस वर्षं म्हणजे एक पिढी. जिच्यावर मूल सायकल शिकलं आणि पुढे जिच्यावरून ते कॉलेजला गेलं, ती वाट त्याच्या लेखी तात्पुरती नसते. झाडांनी दोन्ही बाजूंनी कमान धरली होती. घरांची मागची दारं वाटेवर उघडत होती.

मग पर्पल लाइन आली. बेथेस्डा ते न्यू कॅरलटन, १६.२ मैल, २१ स्थानकं, हलकी रेल्वे. काम गरजेचं आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. राजधानीच्या बाजूच्या उपनगरांना एकमेकांशी जोडणारी रेल्वे तिथे नव्हती. शेजारच्या गावी जायचं तर मेट्रोने आधी वॉशिंग्टनच्या पोटात शिरायचं आणि पुन्हा बाहेर यायचं. नव्या आराखड्यात रुळांच्या बाजूने पक्की, रुंद वाटही आहे, आणि मोठे रस्ते ओलांडायला तिला स्वतःचे पूल आणि भुयारी मार्ग आहेत. कागदावरची नवी वाट जुनीपेक्षा निश्चितच चांगली आहे. प्रकल्पाविरुद्ध खटला झाला, २०१६ च्या ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी केंद्राची मंजुरी रद्द केली, २०१७ च्या जुलैमध्ये वरच्या कोर्टाने ती परत दिली. २८ ऑगस्टला भूमिपूजन झालं आणि ५ सप्टेंबर २०१७ रोजी बेथेस्डाच्या पूर्वेची वाट बंद झाली. सुमारे पाच किलोमीटर. चार-पाच वर्षांनी परत देऊ, असं तेव्हा सांगण्यात आलं.

मंजुरी रद्द होऊन परत मिळेपर्यंत जवळपास वर्ष गेलं. त्या वर्षात पर्यायी वाट बांधता आली असती की नाही, याची चर्चा तिथे फार झाली नाही, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच होता. कारण मिळालं काय? शेजारच्या रस्त्यांवरून वळसा. जोन्स ब्रिज रोडसारख्या चढउताराच्या, वेगाने मोटारी जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने जायचं, आणि बाण दाखवणाऱ्या पाट्या शोधत पुढे सरकायचं.

मी त्या भागात मुलीकडे राहिलो आहे. आपल्यापैकी कितीतरी घरांतली वडीलधारी माणसं सहा-सहा महिने तिकडे जाऊन राहतात, म्हणून हे तुम्हाला वेगळं समजावून सांगायला नको. मुलगी-जावई सकाळी कामावर जातात. नातवंडं शाळेत. आजी-आजोबांना तिकडे गाडी चालवता येत नाही. लायसन नसतं, धीर नसतो. घरातून बाहेर पडून दुसऱ्या माणसाचं तोंड दिसेल अशी एकच जागा असते, ती ही वाट. तिथे साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेली आजी भेटते, गुजराती काका भेटतात, तमिळ मामी भेटतात; बाकावर बसून गुडघेदुखीपासून नातवाच्या परीक्षेपर्यंत सगळं बोलणं होतं. वाट बंद झाली तेव्हा मोटार असलेल्या माणसाचं फारसं अडलं नाही, तो गाडी काढून दुसऱ्या उद्यानात गेला. ज्याच्याकडे मोटार नव्हती तो घरात बसला.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण नकाशा पाहणाऱ्याच्या ती लक्षात येत नाही. रेल्वेच्या जमिनीवरची वाट जवळपास सपाट असते. आगगाडीला चढ सोसत नाही. शंभर मीटरला एक-दोन मीटरपेक्षा जास्त चढ साध्या मार्गाला सहसा देत नाहीत. त्यासाठी शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी टेकड्या कापल्या, भराव घातले, ओढ्यावर उंच पूल बांधला. चालणाऱ्याला ही मेहनत फुकट मिळाली. वळसा मात्र जमिनीच्या मूळ उंचसखल अंगावरून जातो. अंतर थोडंसंच वाढलं असं कागद म्हणतो. पण सत्तरीच्या माणसाला, हाताने चाक फिरवणाऱ्या अपंगाला, मागच्या सीटवर पोर बसवलेल्या सायकलवाल्या बाईला तो चढ म्हणजे वाट संपली. पर्यायी मार्ग मोजताना लांबीबरोबर चढही मोजला पाहिजे, आणि अंतर मोटारीच्या हिशेबाने धरता कामा नये. मोटारीला एक किलोमीटर जास्त म्हणजे दीड-दोन मिनिटं. म्हाताऱ्या पायांना तेच वीस मिनिटं, आणि तितकंच परत यायचं.

पुढची हकिकत लांबली. प्रकल्पाचा मूळ बांधकाम कंत्राटदार २०२० च्या सप्टेंबरमध्ये काम सोडून गेला. पैशांचे वाद, मग तडजोड, मग नव्या कंत्राटदाराचा शोध. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये नवा नेमला गेला आणि मोठं काम पुन्हा धरलं गेलं २०२२ मध्ये. २०२२ ला जी गाडी धावायची होती तिच्यासाठी पुढे २०२७ चा हिवाळा धरला गेला. मधल्या काळात, जवळपास दोन वर्षं, त्या पट्ट्यात मोठं काम झालं नाही, पण कुंपण तसंच उभं. झाडं तोडून झाली होती, जमीन उकरली होती, जुना पूल उतरवला होता. अशा जमिनीवर लोकांना सोडता येत नाही, हे मी अभियंता म्हणून मान्य करतो. पण म्हणूनच संपूर्ण पट्टा एकाच दिवशी ताब्यात घ्यायला नको होता. ज्या भागात यंत्रं यायला अजून वर्ष आहे, तो भाग वर्षभर लोकांच्या पायाखाली राहू शकतो. कंत्राटदाराला जागा पूर्ण मोकळी मिळाली की सोयीचं पडतं. सामान कुठेही टाकता येतं, कुणाला विचारावं लागत नाही. ती सोय त्याला देताना तिची किंमत कुणाकडून वसूल झाली, हे कुठल्याच हिशेबात आलं नाही. मिनियापोलिस शहरात केनिलवर्थ ट्रेल २०१९ मध्ये अशाच हलक्या रेल्वेसाठी बंद झाली आणि तिचंही पुन्हा उघडणं असंच पुढे पुढे गेलं. एखाद्या कंत्राटदाराचा स्वभाव याला कारण नाही. जागा द्यायची पद्धतच अशी आहे.

वाटेच्या पूर्व टोकाशी लिटन्सव्हिल नावाची वस्ती आहे. सॅम्युएल लिटन या स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसाने १८५३ मध्ये तिथे जमीन घेतली आणि त्याच्या नावाने वस्ती वाढली. गोऱ्यांची आणि काळ्यांची वस्ती वेगळी ठेवण्याच्या काळात या लोकांना रुळांवरून सिल्व्हर स्प्रिंगशी जोडणारा एक अरुंद पूल होता, टॅलबट अव्हेन्यूचा, १९१८ चा. रेल्वेचं इंजिन फिरवायच्या चक्राचे लोखंडी गर्डर वापरून तो बांधला होता. २०१८ मध्ये दोन्ही बाजूंच्या लोकांनी पुलावर जमून त्याची शंभरी साजरी केली. शेवटी शेवटी मोटारींना तो बंद होता, पण पायी माणसं जात होती. २०१९ मध्ये पर्पल लाइनसाठी तो काढला. जुना झाला होता, काढणं भाग होतं. पण शंभर वर्षं ज्या लोकांची ती एकच सरळ वाट होती, त्यांना नवा पूल होईपर्यंत रुळांवरून एक हलका लोखंडी पादचारी पूल आधी टाकून देणं, एवढ्या मोठ्या प्रकल्पात अवघड नव्हतं. असे जोडणीचे पूल लष्कर एका रात्रीत उभे करतं.

आता त्याच वाटेच्या दुसऱ्या टोकाकडे चला. मेरीलँडची हद्द ओलांडून वॉशिंग्टन शहरात शिरलं की कायदा बदलतो. तिथे २०१३ चा सायकल सुरक्षेचा कायदा आहे. बांधकामासाठी पदपथ किंवा सायकलची पट्टी अडवायची असेल, तर परवाना मागणाऱ्यानेच चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची सुरक्षित सोय करायची. त्याशिवाय परवाना नाही. सोय कशी करायची याचा क्रमही नियमात बांधून दिलेला आहे. पदपथ त्याच बाजूला चालू ठेवता येतो का, हे आधी पाहायचं. वरून काही पडायची भीती असेल तर छप्पर घालून ठेवायचा. ते जमत नसेल तर मोटारींच्या पार्किंगची पट्टी घ्यायची. तीही पुरत नसेल तर मोटारींची एक लेन घ्यायची. आणि ‘पलीकडच्या बाजूने जा’ ही पाटी अगदी शेवटचा उपाय.

या क्रमात फार मोठी गोष्ट आहे. जागा कमी पडली की कुणी सरकायचं, हे त्यात ठरवलेलं आहे. आधी उभ्या मोटारी सरकतील, मग चालत्या मोटारी सरकतील, आणि माणूस शेवटी. आपल्याकडे नेमका उलटा क्रम चालतो. मेट्रोचे पत्रे लागले की मोटारींच्या लेन कशाबशा वाचवतात आणि पदपथ पत्र्यांच्या आत जातो. पीएमपीच्या थांब्यावर उतरलेली बाई मग पत्रा आणि बस यांच्या मधल्या फुटभर जागेतून चालते.

ब्रिटनमध्ये १९९१ च्या कायद्याखाली रस्त्यावर खोदाई करणाऱ्या प्रत्येकावर बंधनकारक असलेली एक संहिता आहे. मजूर तिला लाल पुस्तिका म्हणतात, खिशात मावते. तिच्यात लिहिलं आहे की कामाच्या काळात पदपथाची मोकळी रुंदी एक मीटरच्या खाली जाता कामा नये, शक्य असेल तिथे दीड मीटर हवी. त्या पुस्तिकेतली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. अडथळ्याला खालच्या बाजूने दीडशे मिलिमीटर रुंदीची एक आडवी फळी हवी, आणि तिची खालची कड जमिनीपासून दोनशे मिलिमीटरच्या वर नको. ही फळी पांढऱ्या काठीसाठी आहे. अंध माणूस काठी जमिनीलगत फिरवतो. अडथळा नुसत्या दोन खांबांवर कमरेच्या उंचीला बांधलेली फीत असेल, तर काठी खालून निघून जाते आणि माणूस चरात पडतो. आपली लाल-पांढरी प्लास्टिकची फीत अशीच असते, वाऱ्याने फडफडते आणि दुसऱ्या दिवशी तुटून पडलेली असते. दीडशे मिलिमीटरच्या फळीला कितीसा खर्च येतो? ती कुणाला तरी सुचली, कारण पुस्तिका लिहिताना अंध माणूसही त्या वाटेने येणार, हे कुणीतरी लक्षात घेतलं.

सायकलवाल्याचा धोका वेगळा असतो. चर खणल्यावर त्यावर जाड लोखंडी प्लेट टाकतात. मोटारीला नुसता खडखडाट होतो. सायकलच्या टायरची रुंदी असते तीसेक मिलिमीटर. दोन प्लेटांमधली फट जाण्याच्या दिशेने असेल तर चाक त्यात बसतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. फट आडवी असेल तर नुसता धक्का बसतो. म्हणजे प्लेट तीच, खर्च तोच. ती कशी टाकायची एवढाच प्रश्न. प्लेटची कड जमिनीच्या वर राहते तिथे डांबरी मिश्रणाचा उतार थापावा लागतो, नाहीतर खुर्चीचं पुढचं छोटं चाक तिथे अडकतं. पावसात ओलं लोखंड घसरतं, म्हणून वर खरखरीत लेप हवा. वळणावर भरीव पत्रा लावला की समोरून येणारा दिसत नाही. तिथे जाळी लावायची. बॅरिकेडचे पाय वाटेत येऊ द्यायचे नाहीत. डंपर वाट ओलांडतो तिथे झेंडी घेऊन माणूस उभा करायचा, आणि त्याने अडवायचं ते डंपरला. चाकांना लागून आलेला चिखल रोज संध्याकाळी धुवायचा. यातलं एकही काम अवघड नाही. साइटवर पहिल्या दिवशी मुकादमाला सांगितलं तर तो करतो. त्याला सांगतच कुणी नाही.

‘सायकलवरून उतरून चाला’ ही पाटीसुद्धा जगभर लावली जाते. ब्रिटिश सरकारच्या २०२० च्या सायकल मार्गांच्या मार्गदर्शिकेने ती टाळावी असंच सांगितलं आहे. दहा पावलं असतील तर लोक उतरतील. अर्धा किलोमीटर असेल तर कुणी उतरणार नाही. आणि कितीतरी माणसं अशी आहेत की त्यांना सायकल चालवता येते पण फार चालता येत नाही. गुडघ्यांनी साथ सोडलेली, तीनचाकी चालवणारी. ती पाटी लावली की आपली जबाबदारी संपली, असं अभियंत्याला वाटतं. मी ती पाटी दिसली की समजतो, इथे वाटेचा आराखडाच केलेला नाही.

पाटी कुठे लावायची, हेही शिकण्यासारखं आहे. वाट बंद असल्याची पाटी कुंपणाला टांगून उपयोग नाही. दीड किलोमीटर चालून आलेला माणूस तिथे पोचतो, वाचतो आणि मागे वळतो, किंवा कुंपणाच्या फटीतून आत शिरतो. जिथून दुसरा रस्ता फुटतो त्या फाट्यावर ती हवी, आणि रात्रीही दिसायला हवी. तारीख हवी. कधी बंद, कधीपर्यंत बंद आणि कुणाला विचारायचं. आपल्याकडच्या पाटीवर ‘काम चालू रस्ता बंद, गैरसोयीबद्दल क्षमस्व’ एवढंच असतं. क्षमा मागणाऱ्याचा फोन नंबर नसतो.

वेळापत्रकाचंही तसंच. मोटारींचा रस्ता रविवारी सकाळी रिकामा असतो, म्हणून मोठी कामं तेव्हा ठेवायची, हे आपल्या अंगवळणी पडलं आहे. चालण्या-सायकलिंगच्या वाटेवर रविवारची सकाळ हीच सगळ्यात मोठी गर्दी. तिथे काम करायचं ते आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी. आणि क्रेनने गर्डर चढवायचा असेल तर वाट पूर्ण बंद करायलाही माझी हरकत नाही. दोन रात्री पूर्ण बंद, आगाऊ जाहीर करून, हे सहा महिने अर्धवट चालू ठेवलेल्या धोकादायक वाटेपेक्षा शंभर पटीने बरं. माझा आग्रह एवढाच की बंद ठेवण्याचा प्रत्येक दिवस कुणीतरी मागून घेतलेला असावा, आपोआप मिळालेला नसावा.

आता आपल्या दाराशी येऊ. पुण्याचा सायकल आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला. इंडियन रोड्स काँग्रेसची कामाच्या जागेवरच्या वाहतुकीसाठीची मार्गदर्शिका, एसपी ५५, २०१४ पासून सुधारित स्वरूपात आपल्याकडे आहे. तिच्यात पादचाऱ्यांचा विचार आहे. म्हणजे ज्ञानाचा तुटवडा नाही. अडतं ते पुढच्या पायरीवर. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या प्रमाणित विनिर्देशांत कलम ११२ आहे, बांधकामाच्या काळातल्या वाहतुकीच्या व्यवस्थेचं. मोटारींसाठी तात्पुरता वळणरस्ता बांधला तर त्याचं मोजमाप रनिंग मीटरमध्ये होतं आणि त्या दराने पैसे मिळतात. बाकीची वाहतूक व्यवस्था मात्र कामाला अनुषंगिक धरली जाते, म्हणजे तिचे वेगळे पैसे नाहीत, ती कंत्राटदाराची जबाबदारी.

साइटवर काम केलेल्या माणसाला यातलं गांभीर्य लगेच कळेल. ज्या गोष्टीला आयटम नाही ती मेजरमेंट बुकात चढत नाही. जी एमबीत चढत नाही तिचं बिल निघत नाही. जिचं बिल निघत नाही ती सगळ्यात कमी दराने निविदा भरणारा करत नाही, आणि त्याने प्रामाणिकपणे ती धरून दर भरला असता तर त्याला काम मिळालंच नसतं. कनिष्ठ अभियंत्याने कितीही पोटतिडकीने सांगितलं तरी त्याच्या हातात ना देण्यासाठी पैसे असतात, ना कापण्यासाठी. मी कितीतरी तरुण अभियंते पाहिले आहेत ज्यांना हे मनापासून करायचं होतं. त्यांना आपण हत्यारच दिलेलं नाही.

आणि आपल्याला हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. आळंदी ते पंढरपूर हा पालखी मार्ग पाहा. संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग हा आता राष्ट्रीय महामार्ग, क्रमांक ९६५. २०२१ च्या ८ नोव्हेंबरला त्याच्या चौपदरीकरणाची कोनशिला बसली, आणि आराखड्यात कडेने वारकऱ्यांसाठी पायी चालायची वेगळी वाट धरली गेली. इतक्या लांबीच्या रस्त्याचं काम चालू आणि दर आषाढात त्यावरून लाखो माणसं चालत जाणार. तारीख सरकत नाही. एकादशी कंत्राटदारासाठी थांबत नाही. मग पालखीच्या आधी पाहणी होते, राडारोडा उचलला जातो, खड्डे बुजतात, उघड्या सळयांपाशी अडथळे लागतात. कारण चालणारा येणारच आहे, हे तिथे कुणी नाकारू शकत नाही. आमच्या रस्त्यांवर चालणारा रोज येतो, रोज तेवढाच हक्काने येतो. त्याला मागे दिंडी नाही, हातात पताका नाही, म्हणून तो दिसत नाही.

तेव्हा मागणी कुठली करायची, ते नेमकं सांगतो. नदीकाठाचं काम असो, मेट्रोचं असो, मोठ्या जलवाहिनीचं असो, ज्या कामाने पदपथ किंवा सायकल मार्ग अडणार आहे त्याच्या अंदाजपत्रकात एक स्वतंत्र आयटम हवा: कामाच्या काळातली पादचारी व सायकल वाट, रुंदी अमुक, चढ अमुकपेक्षा जास्त नाही, पृष्ठभाग पक्का, दिवे आणि काठीला लागणाऱ्या फळीसह, रनिंग मीटर गुणिले महिने. लमसम नको, लमसम रक्कम पहिल्या बिलात उचलली जाते आणि वाट दुसऱ्या महिन्यात उखडते. दर महिन्याला मोजून पैसे द्यायचे, म्हणजे दर महिन्याला ती जागेवर आहे का हे कुणीतरी बघेल. दुसरी अट अशी की ही वाट वापरात आल्याचा पंचनामा झाल्याशिवाय जुनी वाट खोदायची नाही. तिसरी अट जागा टप्प्याटप्प्याने ताब्यात द्यायची, म्हणजे ज्या तुकड्यात काम सुरू होणार तोच तुकडा द्यायचा. आणि ठरवलेल्या मुदतीपेक्षा जास्त काळ काम ठप्प राहिलं, वाद काहीही असो, तर तो तुकडा चालण्याजोगा करून परत द्यायचा, त्याची रक्कम सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवलेली असायची. मेरीलँडच्या त्या दोन वर्षांत ही शेवटची अट करारात असती, तर कुंपणाच्या आतल्या रिकाम्या पट्ट्याचं निदान काही करता आलं असतं.

पाहणी कुणी करायची, हाही प्रश्न येतो. अधिकाऱ्याने करावी, पण अंधार पडल्यावर, एका हाताने बाबागाडी ढकलत. बरोबर एखादा ज्येष्ठ नागरिक आणि पांढरी काठी वापरणारा माणूस असावा. अशी अर्ध्या तासाची फेरी दहा पानांच्या अहवालापेक्षा जास्त चुका दाखवते.

निविदा आता संकेतस्थळावर सगळ्यांना वाचता येतात. त्यातला आयटमवार तक्ता उघडा आणि वर सांगितलेली ओळ शोधा. नसेल तर निविदापूर्व बैठकीच्या तारखेच्या आत लेखी पत्र द्या, पोच घ्या. त्या बैठकीनंतर शुद्धिपत्रक निघतं आणि त्यात नवा आयटम घालता येतो. कार्यादेश निघाल्यावर तोच आयटम घालायचा म्हणजे जादा काम, जादा मंजुरी, आणि मग तो कधीच येत नाही. आपल्या भागातली निविदा वाचताना अडचण आली तर व्याख्यानानंतर मला भेटा, आपण ती एकत्र बसून वाचू.